युद्धाचा इतिहास वर्गात आणताना : शिक्षण परिषदेस आणि संग्रहालयांस खुले पत्र

प्रति,
मा. संचालक, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, महाराष्ट्र, पुणे;
तसेच राज्यातील संग्रहालयांचे व पुराभिलेखागारांचे अभिरक्षक आणि विश्वस्त

विषय : महायुद्धांच्या इतिहासासाठी शाळांकरिता दूरस्थ संग्रहालय-सत्रे सुरू करण्याबाबत

महोदय, महोदया,

सादर नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत नववी-दहावीच्या वर्गांना इतिहास शिकवते. गेल्या काही वर्षांत आमच्यासारख्या शाळांत कुठे लोकवर्गणीतून, कुठे आमदार निधीतून, तर कुठे एखाद्या कंपनीच्या सामाजिक निधीतून मोठे पडदे आणि बऱ्यापैकी इंटरनेट आले आहे, आणि त्यामागोमाग ‘आभासी संग्रहालय’ विकणारे लोकही येऊ लागले आहेत. त्यांच्या माहितीपत्रकात बहुधा एक मुलगा डोळ्यांवर हेडसेट चढवून तोंडाचा आ करून उभा असतो आणि खाली ‘युद्धभूमी प्रत्यक्ष अनुभवा’ असे लिहिलेले असते. हे पत्र त्या कल्पनेला विरोध करण्यासाठी नाही. संग्रहालय पडद्यावरून शाळेत यावे, असे मला मनापासून वाटते. पण काय यावे आणि कोणत्या रूपात यावे हे विक्रेत्याने ठरवण्याआधी आपण ठरवावे, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच आहे. सार्वजनिक पैसा खर्च होणारच असेल, तर तो उपकरणांवर न होता माणसांवर आणि अस्सल साधनांवर व्हावा : संग्रहालयातला एक जाणकार शिक्षक, त्याच्या हातातली एक वस्तू किंवा एक कागद, समोर प्रश्न विचारणारा वर्ग आणि पस्तीस मिनिटांची एक तासिका.

शैक्षणिक सहल असताना याची गरज काय, असे कोणी विचारील. आमच्या सहली एसटीच्या बसमधून रायगडला, प्रतापगडला, फार तर पन्हाळ्याला जातात आणि संमतिपत्रे, विमा, परवानग्या यांचे कागद पुरे करण्यातच अर्धे सत्र जाते. गड पाहायलाच हवेत, त्याबद्दल वाद नाही. पण विसाव्या शतकातली दोन महायुद्धे, ज्यांत या जिल्ह्यातली माणसे शेकड्यांनी गेली, ती झाली इराकमधल्या दलदलीत, इटलीच्या नद्यांकाठी, एरिट्रियाच्या डोंगरांत आणि ब्रह्मदेशाच्या जंगलात. तिथे आमची बस जात नाही. आणि जी वास्तू जवळ होती तीही राहिलेली नाही. १९७१च्या युद्धात जिच्यावरून उडालेल्या विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले केले, ती विमानवाहू नौका ‘विक्रांत’ मुंबईत काही वर्षे तरंगते संग्रहालय म्हणून उभी होती. देखभालीचा खर्च परवडेना म्हणून ती भंगारात निघाली आणि २०१४ मध्ये तोडली गेली. तिच्या पोलादातून पुढे मोटारसायकली निघाल्या, त्या आमच्या शिक्षकांच्या वाहनतळातही दिसतात. तोडण्याआधी तिच्या डेकपासून इंजिनघरापर्यंतचा प्रत्येक कप्पा नीट चित्रित करून, तिथे काम केलेल्या नौसैनिकांना सोबत चालवून त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून शाळांसाठी उपलब्ध केले असते, तर आज ती निदान शिकवता तरी आली असती.

परंतु नुसते चित्रण पुरे पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. एका मोठ्या संग्रहालयाची चहूबाजूंनी फिरवता येणारी सफर मी वर्गात दाखवून पाहिली आहे. बाण दाबला की पुढचे दालन, पुन्हा बाण, पुन्हा दालन. काचेमागची तलवार जवळ आणावी तर ती धूसर होते आणि खालची पाटी वाचता येत नाही. पाचेक मिनिटांत मागच्या बाकांवर चुळबुळ सुरू झाली आणि तिला मुले जबाबदार नव्हती. संग्रहालयात गेल्यावर आपण थांबतो, कोणीतरी काहीतरी सांगते, आपण ‘मग पुढे काय झाले?’ असे विचारतो. ती विचारपूसच या सफरीतून वगळलेली होती.

ज्यांनी हे काम वर्षानुवर्षे केले आहे त्यांच्याकडे पाहावे. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथील राष्ट्रीय दुसरे महायुद्ध संग्रहालय ६ जून २००० रोजी, फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरील १९४४च्या चढाईच्या (‘डी-डे’च्या) स्मृतिदिनी, ‘डी-डे संग्रहालय’ म्हणून उघडले. ते समुद्रापासून आत असलेल्या या शहरात असण्याचे कारण म्हणजे चढाईत सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणाऱ्या चपट्या तळाच्या नौका अँड्र्यू हिगिन्स यांच्या तिथल्या कारखान्यात बांधल्या जात. या संग्रहालयाचे शिक्षक व्हिडिओ जोडणीवरून दूरदूरच्या शाळांचे वर्ग घेतात. आधी साहित्य शिक्षकाकडे पोहोचते, मग सत्रात छायाचित्रे, भित्तिपत्रके, पत्रे, वस्तू यांतून एकेक पुरावा मुलांसमोर ठेवला जातो आणि मुलांनाच त्याबद्दल बोलते केले जाते. याखेरीज शालेय विद्यार्थीच वार्ताहर होऊन युद्धाशी संबंधित ठिकाणी जातात आणि तेथून इतर विद्यार्थ्यांना माहिती देतात, असेही कार्यक्रम ते मोफत प्रसारित करतात. मला त्यांच्याबद्दल विशेष आदर वाटतो तो विषयांच्या निवडीमुळे. विजयाच्या गोष्टी तर ते सांगतातच, पण १९४२च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशानंतर आपल्याच देशातल्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरांतून उठवून छावण्यांत डांबले गेले हेही सांगतात, आणि हुकूमशाहीविरुद्ध लढणाऱ्या सैन्यात काळ्या सैनिकांच्या तुकड्या वेगळ्या ठेवल्या जात होत्या हेही सांगतात. स्वतःच्या देशाची चूक आठवी-नववीच्या मुलांना सांगण्याचे धैर्य संस्थेला अंगी बाणवावे लागते. ते कोणत्याही उपकरणासोबत खोक्यातून येत नाही.

दुसरे उदाहरण हिरोशिमाचे. तेथील शांतता स्मारक संग्रहालयात शिगेरू ओरिमेन या शाळकरी मुलाचा जेवणाचा डबा आहे. ६ ऑगस्ट १९४५च्या सकाळी तो माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षातल्या मुलांसोबत घरे पाडून मोकळे पट्टे तयार करण्याच्या कामावर होता, कारण हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून शहराने शाळकरी मुलांना त्या कामाला जुंपले होते. आईने काही दिवसांनी त्याचा देह शोधून काढला तेव्हा हा डबा त्याच्यापाशीच होता, आणि आतले अन्न जळून कोळसा झाले होते. त्या एका सकाळी अशा कामावर असलेली सहा हजारांच्या आसपास मुले गेली. आमच्या वर्गात या डब्याचे छायाचित्र दाखवल्यावर पहिला प्रश्न आला तो बॉम्बविषयी नव्हता. एका मुलीने विचारले, “बाई, शाळेच्या मुलांना कामाला का नेलं होतं?” युद्धकाळात राज्यसंस्था मुलांकडून काय काय करून घेते, याची चर्चा त्या एका प्रश्नातून जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालली. अणुबॉम्बच्या ढगाचे चित्र वर्षानुवर्षे पाठ्यपुस्तकात आहे, पण त्यावरून इतकी चर्चा झालेली मला आठवत नाही.

हिरोशिमाने आणखी एक गोष्ट केली आहे. हल्ल्यातून वाचलेली माणसे वृद्ध होऊन जात आहेत, हे ओळखून शहराने २०१२ पासून ‘वारसदार’ तयार करायला घेतले : एखाद्या वाचलेल्या व्यक्तीचा अनुभव तिच्याकडूनच ऐकून, शिकून, तिच्या वतीने सांगणारे प्रशिक्षित लोक. अशी कथने व्हिडिओ जोडणीवरूनही शाळांना ऐकता येतात. त्याच प्रांतातल्या फुकुयामा येथील तांत्रिक विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी तर जुनी छायाचित्रे गोळा करून, वाचलेल्यांच्या मुलाखती घेऊन, बॉम्ब पडण्याआधीचे आणि नंतरचे शहर संगणकावर उभे केले आणि ते हेडसेटमधून पाहता येईल असे केले. हेडसेटबद्दल मी वर नाक मुरडले असले तरी हा हेडसेट मला मान्य आहे, कारण तो दुकानातून आलेला नाही. पोस्टाचे कार्यालय कुठे होते, गल्ली किती रुंद होती, हे शोधता शोधताच ती मुले इतिहास शिकली.

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीही इथेच लिहिते, कारण ती मागणी आज ना उद्या आपल्या टेबलावर येणार आहे. अमेरिकेतील शोआ फाउंडेशनने नाझी छळातून वाचलेल्यांच्या दीर्घ मुलाखती घेऊन अशी सोय केली आहे की विद्यार्थ्याने प्रश्न विचारला की पडद्यावरची व्यक्ती उत्तर देते. न्यू ऑर्लिन्सच्या संग्रहालयानेही अलीकडे युद्धातल्या माणसांबाबत तसेच केले आहे. तिथे यंत्र फक्त योग्य उत्तर निवडते. उत्तर त्या व्यक्तीने जिवंतपणी, स्वतःच्या शब्दांत दिलेले असते. आपल्याकडे मात्र एखाद्या हुतात्म्याचा चेहरा घेऊन, त्याच्या तोंडी कोणीतरी लिहिलेली वाक्ये घालून ‘बोलता सैनिक’ बनवण्याचा मोह होईल. तो आपण ठामपणे नाकारावा, अशी माझी विनंती आहे. जो माणूस ते बोललाच नाही, त्याच्या तोंडून मुलांना ते ऐकवणे हा इतिहासाचा अपराध आहे आणि त्या माणसाचाही.

आता आपल्या घरच्या विषयाकडे येते.

पहिल्या महायुद्धात भारतातून १३ लाखांहून अधिक माणसे परदेशी गेली, त्यांतली ७४,००० च्या आसपास परतली नाहीत. सर्वांत जास्त गेली ती मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. तिथे बगदादकडे निघालेल्या सैन्याचे नावच ‘सहावी पूना डिव्हिजन’ होते आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉन येथे मोठी हानी सोसून ही डिव्हिजन मागे फिरली आणि तैग्रिस नदीच्या वळणातल्या कूत-अल-अमारा या गावी अडकली. ७ डिसेंबर १९१५ ला तुर्की सैन्याचा वेढा पडला, तो २९ एप्रिल १९१६ पर्यंत चालला. सोडवायला आलेल्या सैन्याचे वीस हजारांहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले, तरी वेढा उठला नाही. अखेर तेरा हजारांच्या आसपास माणसे, सैनिक आणि सोबतचे नोकर-चाकर धरून, कैद झाली आणि वाळवंटातून चालवत नेताना व छावण्यांत त्यांच्यातली हजारो मेली.

ही माहिती पाठ्यपुस्तकाच्या एका परिच्छेदात बसते आणि परीक्षेनंतर विसरली जाते. पण याच वेढ्यातली एक गोष्ट घ्या. गावात धान्य सापडले होते, ते दळायला साधन नव्हते, तेव्हा विमानातून जात्याचे दगड खाली टाकले गेले. पुढे एप्रिलमध्ये पिठाची पोतीही विमानातून टाकली गेली. वेढलेल्या सैन्याला हवेतून रसद पुरवण्याचा जगातला हा पहिला प्रयत्न मानला जातो आणि तो अपुरा पडला. घोडे कापून मांस वाटले जाऊ लागले तेव्हा बहुसंख्य हिंदी शिपायांनी बरेच दिवस ते खाल्ले नाही, कारण गावी परतल्यावर जातीत काय होईल ही धास्ती होती. जाते, पीठ, घोडा आणि जात : यांतली एकही गोष्ट माझ्या वर्गातल्या मुलाला परकी नाही. इथून सुरुवात केली तर नकाशा, तुर्की साम्राज्य, तेलवाहिन्या, ब्रिटिशांचे हिशेब या सगळ्या गोष्टी मुले स्वतः मागून घेतात.

कूतची युद्धदैनंदिनी, सैन्याचे नकाशे, छायाचित्रे लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहेत. फ्रान्सच्या आघाडीवरून भारतीय शिपायांनी लिहिलेल्या पत्रांतले उतारे टपाल तपासणाऱ्या अधिकाऱ्यांच्या अहवालांतून ब्रिटिश लायब्ररीत टिकले आहेत. पत्र सांगणारा शिपाई बहुधा निरक्षर, लिहून देणारा दुसराच कोणी, मध्येच वाचणारा साहेब आणि त्या साहेबाला काय रुचेल याची जाणीव ठेवून बोलणारा शिपाई. पुराव्याकडे सावधपणे कसे पाहावे, हे शिकवायला यापेक्षा चांगले साधन मला तरी ठाऊक नाही. या संस्थांशी शाळेने एकेकटी जोडणी करणे शक्य नाही. परिषदेने मात्र एक करार केला, तर ते शेकडो शाळांना मिळेल.

आणखी एक बाब मनाला लागणारी आहे. बसरा येथील स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली, पण भारतीय शिपायांची मात्र पलटणीनुसार केवळ संख्या नोंदली गेली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात अशा असमान वागणुकीची कबुली देऊन क्षमा मागितली. हीच गोष्ट आपल्या गावांतही दिसते. आमच्या भागात आणि कोकणात अनेक गावांच्या चावडीवर, शाळेच्या भिंतीत किंवा देवळापाशी एक छोटी संगमरवरी पाटी असते : या गावातून १९१४ ते १९१९च्या महायुद्धास इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. पाटीवर आकडा असतो आणि नाव एकही नसते. आमच्या तालुक्यातल्या अशा एका पाटीचे छायाचित्र वर्गात लावून मी मुलांना एवढेच सांगितले की यातले एक तरी नाव शोधून आणा. कोणी पणजीच्या सांगण्यावरून आणले, कोणी जुन्या पेन्शनच्या कागदावरून, तर एकाने गावच्या भटजींच्या वहीवरून. दोन नावे जुळली नाहीत आणि ती जुळत नाहीत हेही आम्ही फळ्यावर लिहून ठेवले. पंजाबात पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या गावनिहाय नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात सापडल्या, आणि त्यांतल्या सुमारे ३,२०,००० नोंदी २०२१ पासून टप्प्याटप्प्याने संगणकावर शोधता येऊ लागल्या. महाराष्ट्रातल्या पाट्यांमागची नावे शोधून एकत्र आणण्याचे काम शाळाच करू शकतील. ते ठेवायला संग्रहालयाने जागा द्यावी आणि तपासायला जाणकार माणूस द्यावा.

दुसऱ्या महायुद्धाबद्दल बोलायचे तर मुलांना त्यातल्या बंदुकांची नावे आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतात, कारण ती मोबाइलवरच्या खेळात असतात. नामदेव जाधव यांची गोष्ट सांगताना ‘टॉमी गन’ हा शब्द आला आणि वर्ग एकदम ताठ बसला. जाधव हे अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले, पहिल्या बटालियनचे मराठा शिपाई. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदी ओलांडताना त्यांच्या भोवतीचे बहुतेक सोबती पडले, तेव्हा त्यांनी जखमींना एकेक करून खोल पाण्यातून, निसरड्या काठावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे पोहोचवले आणि मग एकट्याने शत्रूची ठाणी उडवली. हाताला जखम झाल्याने बंदूक चालवता येईना, तेव्हा त्यांनी ती टाकून दिली आणि हातगोळे वापरले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. ‘गन टाकून का दिली?’ हा प्रश्न तीन मुलांनी विचारला, कारण खेळात जखमी हात लगेच बरा होतो. युद्ध अनुभवायला लावणाऱ्या उपकरणांविषयी माझा आक्षेप हाच आहे, की त्यांत हात दुखत नाही. याच इटलीत १० जुलै १९४४ रोजी पडलेले रायगड जिल्ह्यातले यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ मोन्तोने या गावात २०२३ मध्ये स्मारक उभारले गेले. माणगावची एखादी शाळा आणि मोन्तोनेची शाळा एका पडद्यावर समोरासमोर बसवायला फार खर्च येणार नाही.

मात्र केवळ शौर्याच्या कथांवर थांबून चालणार नाही. सैन्यात कोणाला घ्यायचे, हे ब्रिटिशांनी ‘लढवय्या जाती’ ठरवून घेतले होते. महारांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाली, माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभी राहिली, युद्ध संपताच १९२१ मध्ये मोडली गेली, आणि दुसरे महायुद्ध पेटल्यावर १९४१ मध्ये महार रेजिमेंट पुन्हा उभी करावी लागली. गरजेपुरते बोलावणे आणि गरज संपताच घरी पाठवणे, हा युद्धाच्या इतिहासाचाच भाग आहे. तो सैनिकांचे गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आमच्या मिलिटरी अपशिंग्यासारख्या गावांच्या अभिमानाच्या शेजारीच, त्याच तासिकेत शिकवला गेला पाहिजे. काही पालकांना हे रुचणार नाही, याची मला कल्पना आहे.

आणि युद्ध मुंबईतही झाले. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा, कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा एकत्र भरलेल्या होत्या. दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. आग विझवायला गेलेले अग्निशामक दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ आजही देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. मृतांचा एकूण आकडा कोणी सातशे-आठशे सांगतो, कोणी तेराशेपर्यंत नेतो. सरकारने वर्तमानपत्रांना बातमी छापू दिली नाही आणि शहराने जे डोळ्यांनी पाहिले होते ते छापून यायला मे महिना उजाडला. एकाच विषयात बंदराचा नकाशा आहे, सेन्सॉर आहे, चौकशी आयोग आहे आणि आकड्यांचा वाद आहे. भायखळ्याच्या अग्निशमन मुख्यालयातल्या स्मारकापासून थेट सत्र घेतले, तर कोल्हापूरच्या आणि गोंदियाच्या मुलांना मुंबई वेगळीच दिसेल. कोल्हापूरची आठवण निघालीच आहे म्हणून नुसता उल्लेख करते : वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, मुख्यतः बायका-मुले, राहत होते. त्यांचे स्मारक वॉर्सात आहे आणि कोल्हापुरातही आहे. दोन्हीकडच्या शाळांना परस्परांशी बोलायला आणखी काय निमित्त हवे?

साधने आपल्याकडे नाहीत असेही नाही. भारतीय संग्रहालयांतल्या वस्तू संगणकावर आणण्यासाठी ‘जतन’ ही प्रणाली पुण्याच्या सी-डॅक या संगणक संशोधन संस्थेनेच तयार केलेली आहे. अहिल्यानगरला रणगाड्यांचे संग्रहालय आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची इमारत तर पहिल्या महायुद्धात लष्करी इस्पितळ म्हणून वापरली गेली आणि संग्रहालय म्हणून १९२२ मध्ये उघडली. त्याच संस्थेची फिरती बस आज गावोगाव जाते. दहावीच्या २०१८च्या पाठ्यपुस्तकात ऐतिहासिक ठेव्यांच्या जतनावर प्रकरण आहे आणि उपयोजित इतिहासावर भर आहे. म्हणजे अभ्यासक्रमाने दार उघडे ठेवले आहे.

काही अटी मात्र शिक्षक म्हणून सुचवाव्याशा वाटतात. सत्र मराठीत असावे आणि परदेशी संस्था असेल तर मध्ये आपला माणूस बसावा. आठवीच्या खालच्या वर्गांना प्रेतांची, छळाची चित्रे दाखवू नयेत. वरच्या वर्गांनाही आधी सांगितल्याशिवाय दाखवू नयेत. जोडणी तुटणार हे गृहीत धरून चित्रे आणि कागद आदल्या आठवड्यातच शाळेकडे पोहोचावेत, म्हणजे वीज गेली तरी तासिका वाया जाणार नाही. सत्रानंतर बहुपर्यायी प्रश्नांची चाचणी नको. प्रत्येक मुलाने एक प्रश्न लिहावा आणि संग्रहालयाने निवडक प्रश्नांना उत्तरे पाठवावीत. आणि कृपा करून, उपस्थितीचे फोटो काढा, लिंक भरा, सायंकाळी पाचपर्यंत अहवाल पाठवा, असे परिपत्रक यासोबत काढू नये. नाहीतर तासिकेतला अर्धा वेळ फोटो काढण्यातच जाईल, हे मी अनुभवाने लिहीत आहे.

पहिल्या वर्षी सर्व शाळांना सक्ती करण्याऐवजी ज्या शिक्षकांना रस आहे त्यांच्या वीस-पंचवीस शाळा घ्याव्यात आणि विषय एकच ठेवावा, कूतचा वेढा. तारखेची अडचणही सुटते. वेढा शरणागतीने संपला ती २९ एप्रिलची तारीख परीक्षांनंतर येते आणि ११ नोव्हेंबरचा युद्धविरामाचा दिवस कधी दिवाळीच्या सुटीत जातो, पण वेढा पडला तो ७ डिसेंबरला, दुसऱ्या सत्राच्या ऐन मध्यावर. त्याच दिवशी सशस्त्र सेना ध्वजदिन असतो, त्यानिमित्त शाळाशाळांतून निधी गोळा करण्याचे आदेश आम्हाला दरवर्षी येतातच. त्या आठवड्यातली एक तासिका परिषदेने आमच्याकडून या सत्रासाठी मागून घ्यावी. जूनच्या वार्षिक नियोजनात ती धरता यावी म्हणून मे अखेरपर्यंत कळवल्यास बरे होईल.

आपली विश्वासू,
एक इतिहास शिक्षिका
सातारा जिल्हा